कॉलनीत घर झाले, आता शेजार आपला करू या!

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कचेरी आली, जिल्हा परिषद आली, त्यामागोमाग बाहेरगावचे कर्मचारी आले. शहराकडेच्या शेतांचे प्लॉट पडले. नंदुरबारप्रमाणेच शहादा, तळोदा, नवापूर येथेही नव्या कॉलन्या वाढल्या. जुन्या वस्तीतली आपली कुटुंबेही तिकडे गेली. कोणी एस. टी.त वाहक, कोणी शाळेत शिपाई, कोणी दवाखान्यात परिचारिका, तर कोणी गवंडीकाम करून पै-पै जमविणारा. कर्ज काढून, घरच्या बाईचा डाग मोडून दोन खोल्या बांधल्या. बैठकीत बाबासाहेबांची तसबीर लागली तेव्हा डोळे भरून आले.

परंतु घर झाले म्हणजे शेजार झाला असे होत नाही. सकाळी कामावर जायचे आणि संध्याकाळी दार लावून घ्यायचे, असेच अनेक घरांतून चालले आहे. मंगलकार्य असो वा दुःखाचा प्रसंग, माणसे जुन्या वस्तीतूनच यायची. कॉलनीची बैठक असली की आपण म्हणतो, "आपले तिथे काय काम?"

ह्या अलिप्ततेला कारण आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नव्या जागी पहिली चौकशी आडनावाची होते, मग गावाची. आडनाव कळल्यावर समोरच्याचा सूर बदललेला आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला आहे. अपमानापेक्षा बंद दार बरे, असे वाटणे साहजिकच. पण त्या बंद दाराची किंमत कोण मोजतो? रस्त्यावरचा दिवा कुठे लागावा, गटार कुठून काढावी, पाण्याची लाईन आधी कोणत्या गल्लीत यावी, हे आपल्या पाठीमागे ठरते. आणि आपली मुले मैदानाच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांचा खेळ बघतात.

आपण किती, शेजारी कोण?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार. त्यात शंभरातले जवळजवळ ६९ लोक आदिवासी, तर अनुसूचित जातींचे तीनच्या आसपास. म्हणजे एखाद्या कॉलनीत बौद्धांची दोन-चार घरे असली तर नवल नाही. इथे केवळ आपल्या माणसांच्या बळावर नळाला पाणी येणार नाही.

शेजारी कोण आहेत तेही पाहू या. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, गुजर, मराठा, मुसलमान. कोणाच्या घरात अहिराणी, कोणाच्या घरात गुजरी, कोणाच्या घरात भिलोरी. धडगाव-अक्कलकुव्याकडून नोकरीसाठी आलेला आदिवासी शिक्षकही कदाचित आपल्यासारख्याच संकोचाने दार लावून बसला असेल. त्याचे दार आपण का वाजवू नये?

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. परळच्या बी. आय. टी. चाळीत त्यांनी अनेक वर्षे संसार केला. पुढे १९३० च्या दशकात ते दादरच्या हिंदू कॉलनीत, 'राजगृहा'त राहायला गेले. ती वसाहत पांढरपेशांची. तिथे त्यांनी मान खाली घातली नाही की नाव लपविले नाही. घर ग्रंथांनी भरले आणि गोरगरीब कार्यकर्त्यांसाठी त्याचे दार उघडे राहिले. चांगल्या वसाहतीत राहणे हा आपला हक्क आहे. तिथे ताठ मानेने वावरणे हे त्यापुढचे पाऊल.

सुरुवात कामापासून

ओळख नुसत्या गप्पांनी वाढत नाही, सोबत काम केल्याने वाढते. मंजूर लेआउटमध्ये खुली जागा सोडावी लागते. मोठ्या लेआउटमध्ये ती साधारण दहा टक्के असते. आपल्याकडे तिला सगळे 'ओपन स्पेस'च म्हणतात. तुमच्या कॉलनीची ओपन स्पेस कुठे आहे, तिथे बाभळी माजल्या आहेत की कोणाचे अतिक्रमण झाले आहे, हे पाहा. मंजूर नकाशाची प्रत नगरपालिकेकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते दहा रुपयेही माफ आहेत. असा अर्ज एकट्याने करू नका. पाच शेजाऱ्यांना दाखवा, त्यांच्याशी बोला. तीच कॉलनीची पहिली बैठक ठरेल.

पुढे सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रहिवासी मंडळ नोंदविता येते. त्यात आपले एक नाव असू द्या. हिशेबाची वही लिहिण्याचे काम अंगावर घ्या. चोख हिशेब ठेवणाऱ्याचा शब्द बैठकीत ऐकला जातो.

वर्गणी मागायला आले तर?

हा प्रश्न घरोघरी पडतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने गणपतीची वर्गणी द्यावी काय? आमचे मत स्पष्ट आहे. पूजेत आपण नाही, हे शांतपणे व हसतमुखाने सांगावे. त्याच दमात सांगावे की रक्तदान शिबिर, मुलांची वक्तृत्व स्पर्धा, झाडे लावणे ह्यासाठी आमचे पैसे घ्या आणि आमचे हातही घ्या. दार आपटून दिलेला नकार भांडण वाढवितो आणि मन मारून दिलेली पावती स्वतःलाच टोचते.

सगळ्यांचे असे दिवसही आहेत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. तो दिवस साऱ्या शहराचा. ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आहे. वैशाख पौर्णिमेची खीर शेजारच्या दहा घरी पोचवा, १४ एप्रिलला त्यांना आवर्जून बोलवा.

भगिनींसाठी

हळदीकुंकवाला जायचे की नाही, ह्यावर वाद घालण्यापेक्षा आपणच तिळगुळाचा मेळावा घ्या. जानेवारी १८५२ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगूळ समारंभ ठेवला होता. सर्व जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसविले जाईल, असे आमंत्रणातच जाहीर केले होते. तसेच जाजम आपल्या अंगणात अंथरा. विधवा भगिनीला सन्मानाने आधी बोलवा. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना २०११ पासून पन्नास टक्के आरक्षण आहे. उद्याची नगरसेविका त्या जाजमावरूनही उठेल.

जुनी वस्ती सोडू नका

कॉलनीचे होणे म्हणजे वस्तीला विसरणे नव्हे. रविवारी मुलांना विहारात न्या, तिथल्या पोरांना अभ्यास शिकवा, जमल्यास कॉलनीतली दोन मुलेही सोबत न्या.

तथागतांनी वज्जींच्या उत्कर्षाची सात कारणे सांगितली. त्यांतली पहिली दोन आपल्या कामाची आहेत: ते वारंवार एकत्र जमतात आणि एकोप्याने बसून एकोप्यानेच उठतात. येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या सर्वांनी मिळून गल्लीतल्या चार घरी जावे. आपले पूर्ण नाव सांगावे, त्यांचे विचारावे आणि नळाचे पाणी किती वाजता येते, इथूनच बोलायला सुरुवात करावी.

जयभीम!