तीन बोटं पाणी

पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा एका कोपऱ्यात भोक पाडून रिकामा होत नाही. एकच भोक असलं की तेल बुडुक बुडुक करत येतं, मधेच अडतं आणि एकदम उसळून ओट्यावर सांडतं. म्हणून समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायचं. त्यातून तेल येत नाही, हवा आत जाते. न्यू जर्सीत माझ्या मावसभावाने बेसमेंटमध्ये नवी बाथरूम करून घेतली, तेव्हा प्लंबरचं निम्मं डोकं या दुसऱ्या भोकावरच खर्ची पडलं.

जमिनीचं काँक्रीट फोडायचं, चर खणायचा, फुटाला पाव इंच उतार देऊन पाइप टाकायचे, इथवर भाऊ खूश होता. पण बेसिनमागच्या भिंतीतून एक पाइप वर नेऊन छपराबाहेर निघालेल्या जुन्या व्हेंट पाइपला जोडायचा होता, आणि त्यातून सांडपाण्याचा थेंबही जाणार नव्हता. “मग त्याचे पैसे कशाला?” असं त्याने विचारलं. पुण्यातून जाऊन वीस वर्षं झाली तरी प्रश्न सदाशिव पेठेचाच.

उत्तर बेसिनखालच्या वाकड्या नळीत आहे. या ट्रॅपमध्ये साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे आडवी तीन बोटं, पाणी कायम अडून राहतं. गटारातली दुर्गंधी, झुरळं आणि वायू यांना घराबाहेर ठेवणारं दार ते एवढंच. आपल्या मोरीच्या जाळीखालीही तसंच असतं. त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, आणि हार्डवेअरवाल्याच्या इंग्रजी यादीतही आपली न्हाणी तशीच बसलेली दिसते.

हे दार किती नाजूक? वातावरणातली हवा सुमारे १० मीटर उंचीचं पाणी तोलून धरते. पाच सेंटिमीटर म्हणजे त्याचा दोनशेवा भाग. पाइपातला दाब अर्ध्या टक्क्याने घटला, तरी खोलीतली हवा ते पाणी ढकलून गटारात घालवू शकते. दाब घटवायला फार काही लागत नाही. उभ्या पाइपातून पडणारं पाणी मधोमध पडत नाही. ते भिंतीला चिकटून नळकांड्यासारखं उतरतं आणि आतली हवा बरोबर खाली ओढत नेतं. ही हवा वरून भरून निघाली नाही, तर पाइप ती जवळच्या ट्रॅपमधून ओढतो. रिकाम्या होत आलेल्या बेसिनचं ते शेवटचं घशातलं ‘गुळुक’ ऐकलंय? बऱ्याचदा ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाण्याचा तो आवाज असतो.

लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यात एस आकाराचा ट्रॅप होता. कल्पना अफलातून, पण एसची शेपटी सरळ खाली जाते. ती पाण्याने गच्च भरली की, बादलीतलं पाणी नळीने ओढून काढावं तसा ट्रॅप स्वतःच रिकामा होऊ शकतो. म्हणून अमेरिकेत नव्या कामात तो चालत नाही. तिथे पाइप ट्रॅपमधून आडवा निघतो आणि ठरलेल्या अंतराच्या आत त्याला व्हेंट मिळावा लागतो.

बेसमेंटची अडचण उलटीही असते. वरून धावत आलेलं पाणी तळाच्या वळणावर आपटतं, मंदावतं, फुगतं आणि पुढची हवा कोंडते. तिथे दाब वाढतो. जवळच कमोड जोडलेला असेल, तर वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की खाली बुडबुडे. आपल्याकडच्या अनेक इमारतींत तळमजल्याची शौचालयं उभ्या पाइपाला न जोडता थेट बाहेरच्या चेंबरला जोडतात, त्यामागे हेच कारण आहे.

भावाच्या घरी आणखी एक पेच निघाला. सार्वजनिक गटाराकडे जाणारा पाइप बेसमेंटच्या जमिनीपेक्षा वर होता. मग जमिनीत झाकणबंद टाकी आणि त्यात पंप. टाकीत पाणी आलं की आतली हवा बाहेर जायला हवी, पंपाने पाणी उपसलं की बाहेरची आत यायला हवी. बाजारात हवा फक्त आत घेणारे छोटे झडपवाले व्हेंट मिळतात. काही राज्यांत बेसिनला ते चालतातही, पण इथे कामाचे नाहीत. टाकीचा श्वास दोन्ही बाजूंनी चालतो.

व्हेंट कितीही चोख असला तरी एका गोष्टीपुढे हरतो, ती म्हणजे न वापरणं. पाणी हळूहळू उडून जातं. मे महिन्यात गावाला जाऊन परतलेल्यांना दार उघडताच येणारा वास बहुतेक सुकलेल्या नहाणी ट्रॅपचा असतो. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची ३०० हून अधिक माणसांना लागण झाली, ४२ दगावली. बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडलेले आणि एक्झॉस्ट पंखे पाइपातली हवा घरात ओढणारे, असा मार्ग तिथल्या आरोग्य खात्याच्या तपासात पुढे आला.

भावाची बाथरूम पाहुण्यांसाठी आहे आणि पाहुणे येतात उन्हाळ्यात. एरवी दर रविवारी तो खाली जाऊन जमिनीतल्या जाळीत एक तांब्या पाणी ओततो. तांब्या पुण्याहून नेलेला आहे.