देवगिरीच्या आकाशात गुरू आणि शनी

परसदारी मांडलेल्या लहानशा दुर्बिणीतून दिसणाऱ्या देखाव्यांत चंद्रावरील विवरांचा मान मोठा खरा. परंतु २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी नैर्ऋत्येस जे दिसण्याजोगे होते, त्याची सर त्यांस येणार नाही. गुरू आणि शनी यांत त्या दिवशी अवघ्या सहा कलांचे अंतर उरले होते. म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाचा पाचवा हिस्सा! एरवी एक ग्रह पाहून झाला की नळी फिरवून दुसरा हुडकावा लागतो. येथे एकाच वर्तुळात पट्टेदार गुरू, त्याच्याजवळ ओळीने उपग्रह, आणि शेजारी कड्यासह फिकट पिवळा शनी.

हे सान्निध्य अर्थात केवळ दृष्टीचे. गुरू तेव्हा पृथ्वीपासून सुमारे ८९ कोटी किलोमीटर दूर होता, तर शनी १६२ कोटी. शनीचा जो प्रकाश डोळ्यांत शिरे, तो गुरूच्या प्रकाशाआधी सुमारे चाळीस मिनिटे निघालेला असे.

हे दोन ग्रह दर वीस वर्षांनी एकमेकांस गाठतात. परंतु त्यांच्या कक्षांची पातळी एक नसल्यामुळे बहुधा अंशभर अंतर राहतेच. इतकी जवळीक १६२३ सालीही झाली होती. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा मलिक अंबरची खडकी होते. मौज अशी की, १६१० साली खडकी वसली आणि त्याच साली गॅलिलिओने गुरूचे उपग्रह पाहिले. पण १६२३ ची युती भर जुलैत, तीही सूर्याच्या अगदी निकट, दिसावी कशी?

सुखाने दिसण्याजोगी युती त्यापूर्वी १२२६ च्या मार्चमध्ये पहाटे झाली. देवगिरीवर तेव्हा सिंघण यादवाचे राज्य होते. त्याच्या पदरी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ चालू होता. ग्रहांचे गणित त्या मंडळींस अवगत होते. शनीस कडे आहे, हे मात्र जाणण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

अशी जवळीक पुन्हा १५ मार्च २०८० रोजी होईल. २०२० साली दहा वर्षांचे असलेले मूल तेव्हा सत्तरीला टेकलेले असेल. त्याने दुर्बीण गच्चीवर न नेता परसातील मातीवरच ठेवावी. दिवसभर तापलेल्या गच्चीवरून रात्रभर ऊब उठते आणि क्षितिजालगतचे बिंब तिच्यात थरथरते.