उशीर कोणाचा, भुर्दंड कोणाला

१ जून २०१७ला नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संपावर गेले. त्याच महिन्यात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. ज्यांनी वेळेवर फेडलं, त्यांना २५ टक्के प्रोत्साहन, तेही २५ हजारांच्या आतच. नियमित भरणारा येडा ठरला, ही कुरकुर तेव्हाची. पण थकलेल्याला कायद्यानं सांभाळून घेणं या जिल्ह्याला नवं नाही.

१८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांची कर्जखतं जळली आणि लोण नगरमध्येही पोचलं. मग १८७९चा शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरसाठी आला. खतावरचा आकडा बाजूला ठेवून मुळात हातात किती पडले, हे कोर्टानं खोदून पाहायचं. देणं थकलं म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. खुद्द न्यायमूर्ती रानडे या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. पुढचे कायदे मला याच्यापुढे भित्रेच वाटतात. तरी २०१४च्या सावकारी कायद्यानं व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, हा दामदुपटीचा जुना नियम राखला.

बँकांना वेसण बसायला २०२३ उजाडलं. दंडव्याज लावू नका, दंड घ्या पण त्यावर व्याज चढवू नका, असं रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्टला बजावलं. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४पासून लागू झालं. व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, वित्त कंपन्या सगळ्या त्यात आल्या. जिल्हा बँक मात्र त्या यादीत नव्हती, आणि गावातल्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीला पैसा तिथूनच येतो.

पीककर्जात तर दंडाचं नावही घ्यावं लागत नाही. केंद्राच्या सवलतीत मुदतीत भरलं तर लाखाला वर्षाचे चार हजार, तारीख हुकली की सात. म्हणून मार्चअखेर लोक आठ-दहा दिवसांसाठी सावकाराकडून उचलतात, सोसायटीत नवं-जुनं करतात आणि नवं कर्ज हातात पडलं की सावकाराचे फेडतात. त्या आठवड्याचं व्याज कुठल्याच वहीत दिसत नाही.

आता उलट बाजू. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. सोसायटीचं व्याज आपोआप चढतं. कारखान्याकडचे हे १५ टक्के मिळवायला शेतकऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली आहे.