आर्क्टिक भूखार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

खार म्हटली की झाड आलेच, असे आपल्याला वाटते. आर्क्टिक भूखार मात्र अलास्का, उत्तर कॅनडा आणि ईशान्य सायबेरियातील टुंड्रा प्रदेशात राहते. तिथे चढण्याजोगी झाडे क्वचितच. बिळे खणायला तिच्या पायांना मजबूत नखे असतात आणि शेपूट आखूड असते.

आपल्या अंगणातल्या खारीएवढीच ती असेल, हा अंदाजही चुकतो. आपली पट्टेरी खार शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. ही भूखार शेपटीसह साधारण 33 ते 50 सेंटिमीटर लांब आणि सरासरी पाऊण किलो वजनाची असते. हा सरासरीचा आकडा जपूनच वापरावा, कारण उन्हाळ्याच्या शेवटी ती चरबीने गुबगुबीत झालेली असते आणि वसंतात बरीच रोडावलेली.

सर्वांत मोठा गैरसमज तिच्या शीतनिद्रेविषयी आहे. वर्षातले सात-आठ महिने ती बिळात काढते, पण ही एकसलग झोप नव्हे. दर दोन-तीन आठवड्यांनी तिचे शरीर तापून सुमारे 37 अंश सेल्सिअसपर्यंत येते, काही तास तसेच राहते आणि पुन्हा थंड होते. तापण्यासाठी लागणारी उष्णता मुख्यतः तपकिरी चरबीतून मिळते.

शून्याखाली गेलेले शरीर गोठलेच पाहिजे, हेही खरे नाही. अलास्का विद्यापीठातील ब्रायन बार्न्स यांनी 1989 मध्ये दाखवून दिले, की या खारीच्या पोटातील तापमान उणे 2.9 अंशांपर्यंत उतरते आणि तरीही तिथे बर्फ होत नाही. रक्तात गोठणविरोधी द्रव्य असावे, अशी शंका येणे स्वाभाविक होते. रक्तद्रवाच्या तपासणीत तसे काही आढळले नाही. बर्फाचा पहिला स्फटिक धरायला आधारच मिळाला नाही, तर पाणी गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहू शकते. या अतिशीत अवस्थेतच ती तग धरते. डोके आणि मान मात्र पोटापेक्षा उबदार राहतात.

ती निव्वळ शाकाहारीही नाही. पाने, बिया, फळे आणि अळंबी हा मुख्य आहार असला, तरी मृत जनावरांचे मांसही ती खाते. साठवलेले धान्य खाऊन ती हिवाळा काढते, हा समज तर सर्रास आढळतो. प्रत्यक्षात शीतनिद्रेत ती अंगातल्या चरबीवर जगते. बिया साठवतात ते मुख्यतः नर. वसंतात ते माद्यांच्या आधी जागे होतात, काही आठवडे बिळातच हा साठा खाऊन वजन भरून काढतात आणि प्रजननक्षम होऊनच बाहेर पडतात.