महाडची गोष्ट इंग्रजीतून पाहताना

आमच्या कशेडीतली एक मुलगी, बारावी झालेली, महाडला एका कंपनीच्या ऑफिसात मुलाखतीला गेली. साहेबांनी इंग्रजीतून एवढेच विचारले की, स्वतःबद्दल चार वाक्ये सांग. संध्याकाळच्या एसटीने परत आली ती थेट आमच्या ओटीवर. म्हणाली, "काका, मला येत होतं हो. लिहायला सांगितलं असतं तर दोन पानं लिहिली असती. पण तोंडच उघडलं नाही."

हा आजार माझ्या ओळखीचा आहे. मी बी. कॉम. झालो तो इंग्रजीतले पेपर पाठ करून. नोकरी लागली आणि पहिली पाच वर्षे, फोनवर कोणी इंग्रजी बोलू लागले की मी रिसीव्हर शेजारच्या टेबलावर सरकवीत असे. साहेब एकदा सगळ्यांदेखत हसले. ते हसू अजून कानात आहे.

आपल्या मुलांचे इंग्रजी वाचण्यात आणि लिहिण्यात अडकते. मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आले, त्याआधी ते पाचवीपासून होते. पण पहिलीपासून शिको की पाचवीपासून, ते कानावर पडत नाही आणि तोंडातून निघत नाही. महाडच्या क्लासला फी आहे, शिवाय शेवटची एसटी चुकली की घाट अंधारात. म्हणून आम्ही ठरविले की दर शनिवारी रात्री जेवणे आटोपून विहाराच्या सभागृहात बसायचे, टीव्हीला मोबाईल जोडायचा आणि इंग्रजी चित्रपट पाहायचा. मुले-मुली मिळून नऊजण, दोन वहिनी आणि गिरणीतून निवृत्त झालेले एक आबा.

पहिल्याच शनिवारी चूक झाली. पोरांनी मारामारीचा चित्रपट लावला. दोन तास मजेत गेले. शेवटी विचारले, एक वाक्य सांगा पाहू. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, गाडी उडाली एवढंच कळलं." नुसता चित्रपट पाहून भाषा येत असती, तर टीव्हीसमोर बसणारे सगळेच पंडित झाले असते!

मग आठवला डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. हा चित्रपट मुळात इंग्रजीतच काढलेला आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते, कारण आपण तो हिंदीत पाहिलेला असतो. 1998 च्या चित्रपटांसाठी दिल्या गेलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो इंग्रजी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, बाबासाहेबांची भूमिका करणाऱ्या मामुट्टी यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि 2000 साली तो लोकांपुढे आला. मामुट्टी हे केरळचे, मल्याळम चित्रपटांतले. त्यांचे इंग्रजी ऐकून आमचा एक मुलगा म्हणाला, "काका, हे साहेबासारखं वाटत नाही, आपल्यासारखं वाटतं." मला हे फार मोलाचे वाटले. इंग्रजी बोलायला गोऱ्या माणसाचा घसा लागत नाही.

या चित्रपटाने काम सोपे केले, कारण गोष्ट सगळ्यांना पाठ. महाडचा प्रसंग आला, चवदार तळ्याच्या पायऱ्या दिसल्या, की काय घडणार हे शेंबड्या पोरालाही माहीत. 20 मार्च 1927 हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. आबांनी तर लहानपणी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ती हकीगत ऐकलेली. अर्थ आधीच डोक्यात असला की परका शब्द त्याला आपोआप चिकटतो. पाणी दिसते, माणूस ओंजळ भरतो, आणि त्याच वेळी 'वॉटर' कानावर पडले तर ते कोशात पाहावे लागत नाही. अनोळखी गोष्ट अनोळखी भाषेतून पाहणे म्हणजे दोन ओझी एका डोक्यावर.

चित्रपट सुमारे तीन तासांचा. आम्ही एका रात्री दहा मिनिटेच पाहतो. तेवढाच भाग दोनदा लावायचा, दुसऱ्या वेळी मधेमधे थांबवायचा. मग दिवा लावून गोल बसायचे आणि प्रत्येकाने काय पाहिले ते इंग्रजीत सांगायचे. एकच वाक्य, मोडके का असेना. हसायचे नाही हा नियम. जो हसेल त्याने तीन वाक्ये सांगायची. खरे शिक्षण दिवा लावल्यानंतर होते. पाहणे हे नुसते निमित्त.

खाली अक्षरे हवीत, आणि तीही इंग्रजीच. पोरे मराठी किंवा हिंदी अक्षरे मागतात, पण मग डोळा तीच वाचतो आणि कान बंद पडतो. हा विचार माझ्या पदरचा नाही. ब्रिज कोठारी नावाचे गृहस्थ अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना, 1996 साली, मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. खाली इंग्रजी अक्षरे होती. त्यांना वाटले, हीच अक्षरे स्पॅनिशमध्ये असती तर आपले स्पॅनिश सुधारले असते. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये आल्यावर त्यांनी टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखविण्याचा प्रयोग चालविला, म्हणजे अर्धवट साक्षर माणूस गाता गाता वाचू लागेल. 1999 मध्ये गुजरात दूरदर्शनवर तो सुरू झाला.

वहिनी आणि आबा यांच्यासाठी चार्ली चॅप्लिनचा 1936 चा 'मॉडर्न टाइम्स' निघाला. त्यात संवाद जवळजवळ नाहीतच, मधूनमधून छोट्या वाक्यांच्या पाट्या येतात. कामगाराची जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून मालक त्याला यंत्राने घास भरवून पाहतो, तो प्रसंग पाहून आबा खदखदून हसले, आणि मग गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या खात्यात हे यंत्र तेवढं राहिलं होतं." हे इंग्रजीत सांगा म्हटल्यावर बराच वेळ शब्द जुळविले. "नो टाइम ईट." आम्ही ते सुधारले नाही.

सर्वांत तापलेली रात्र 'गांधी' चित्रपटाची. रिचर्ड ॲटनबरो यांचा हा 1982 चा चित्रपट, त्याला आठ ऑस्कर मिळाली, त्यांतले वेशभूषेचे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना. पोरांनी शेवटपर्यंत वाट पाहिली, बाबासाहेब काही आले नाहीत. गोलमेज परिषद आणि पुणे करार ज्यांना तोंडपाठ, ती मुले गप्प कशी बसणार? मी म्हटले, राग आला असेल तर इंग्रजीत या. मुलाखतीत गप्प राहिलेली तीच मुलगी उभी राहिली. "व्हाय इज ही नॉट हिअर? हू मेड धिस स्टोरी?" मग थांबली नाही, दहा मिनिटे बोलत होती. क्रियापदे चुकली असतील, मी मोजली नाहीत. सांगण्यासारखे काही असले की भीतीला जागा राहत नाही असे मला त्या रात्री वाटले. "स्वतःबद्दल चार वाक्ये" या प्रश्नात तसे काही नसते बिचारीला.

यातून सगळे साधते असे मी म्हणणार नाही. स्पेलिंग येत नाही, अर्ज लिहिता येत नाही. त्यासाठी वही-पुस्तक हवेच. सुभेदार रामजींनी भीमाला घरी बसवून तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांवर घोटून घेतले होते, ती मेहनत चित्रपट करून देत नाही. शिवाय घाटात मोबाईलची रेंज कधी येते कधी जाते, तेव्हा चित्रपट आधीच उतरवून ठेवावा लागतो. दोन मुले येईनाशी झाली, त्यांना अजून गाड्या उडायलाच हव्या आहेत.

मागच्या शनिवारी एका मुलाचे वडील प्रथमच दाराशी येऊन बसले. ते एमआयडीसीत हेल्पर आहेत. खिशातून घडी घातलेला कागद काढला. कामावर ज्या पिंपांना रोज हात लावतात, त्यांवरची अक्षरे पाहून पाहून उतरविली होती, एक अक्षर उलटे. "भाऊ, हे काय लिहिलंय ते पोरांना विचारा." 'कॉरोसिव्ह' असे लिहिले होते. मुलीने वाचले, मोबाईलवर अर्थ पाहिला आणि सांगितला, "मामा, अंगाला लागलं तर कातडी जाळतं." त्यांनी आपल्या दोन्ही पंजांकडे पाहिले आणि म्हणाले, "मग पुढच्या वेळी बाकीच्या पिंपांवरचं पण आणतो."