नस काढली, तरी दाढ दुखते कशी?

आमच्या गल्लीतल्या एका खालांनी गेल्या महिन्यात दाढेचं रूट कॅनल करून घेतलं. खुर्चीत काहीच दुखलं नाही. संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि दाढ ठणकू लागली. दुसऱ्या दिवशी तर त्या दाढ उपटूनच टाका म्हणायला लागल्या. "नसच काढली म्हणता, मग दुखतंय काय?" हा त्यांचा सवाल अनेक घरांत ऐकू येतो.

नस निघते ती दाताच्या आतली. पण दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती पाव मिलिमीटरएवढाच एक जिवंत पडदा असतो आणि दात त्यावर तोललेला असतो. किडीचे जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोचले असतील तर हा पडदा आधीच सुजलेला असतो. त्यात डॉक्टरांच्या बारीक सुया फिरतात, औषधाचं पाणी जातं. म्हणून चावलं की कळ येते. पहिले दोन-तीन दिवस ती जास्त असते, आठवड्याभरात बहुतेक ओसरते. रोज थोडी कमी होत असेल तर घाबरायचं कारण नाही.

डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी बधिरपणा उतरण्याआधीच घ्यावी. ठणका चढल्यावर तो आवरणं अवघड जातं. आयब्युप्रोफेन इथे चांगली लागू पडते, कारण ती सूजही उतरवते. जोडीला पॅरासिटामॉल असेल तर असर वाढतो. मात्र बाजारातल्या काही गोळ्यांत दोन्ही औषधं एकत्रच असतात, तेव्हा पाकीट वाचल्याशिवाय वरून आणखी घेऊ नका. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने मुळीच नको. उपाशीपोटीही नको. रोजे असतील तर इफ्तार आणि सहेरीच्या वेळेला बसतील अशा गोळ्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

सूज नाही, ताप नाही, नुसतीच ठणक आहे, तर ॲन्टिबायोटिकने ती कमी होत नाही. तरीही मेडिकलमधून परस्पर पाच दिवसांचा कोर्स आणणारे पुष्कळ आहेत.

खालांची कळ गोळीने दबे आणि जेवायला बसल्या की पुन्हा उठे. दात मिटले की तीच दाढ आधी टेकायची. भरलेलं सिमेंट केसभर उंच राहिलं होतं आणि बधिर जबड्याला ते तेव्हा कळलं नव्हतं. डॉक्टरांनी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटा घासून काढला. पाच मिनिटांचं काम! एवढ्यासाठी त्या दाढ काढायला निघाल्या होत्या.

घरी काय करावं? गालावरून कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरावा. बाहेरून गरम शेक देऊ नये. कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा जुना नुस्खा सोडून द्या, त्याने हिरडी भाजते. लवंगाचं तेल चोळलं तरी तेच.

गाल किंवा गळा सुजत चालला, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. थुंकी गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा.

खालांची कॅप पुढच्या जुम्याला बसायची आहे. पोखरलेली दाढ कॅपशिवाय तडकू शकते, म्हणून तोवर घरात नल्ली शिजली तरी त्यांच्या ताटात फक्त शोरबा येतो.