वजनाचा चोर, रूपाचा चोर

इंदूरच्या मल्हारगंजाकडे बडा गणपती बसला आहे. उंची पंचवीस फूट. अवंतिकेच्या, म्हणजे उज्जैनच्या, नारायण दाधीच यांना स्वप्नात दृष्टान्त झाला, त्यावरून त्यांनी ही मूर्ती घडवली आणि १९०१ साली ती पूर्ण झाली, असे सांगतात. विटा, चुना, गूळ, मेथी, सात मोक्षपुरींची माती, तीर्थांचे पाणी अशी तिची सामग्री. अंगावर शेंदुराचा चोला चढवायचा तर दिवसच्या दिवस लागतात. चोराच्या हिशेबाने हा देव अगदीच कुचकामी. उचलता येत नाही, लपवता येत नाही आणि साऱ्या शहराला त्याचा चेहरा पाठ आहे.

दिवेआगरचा गणपती याच्या नेमका उलट. रायगड जिल्ह्यातल्या या गावात १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टीच्या दिवशी, वाडीत खणताना पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा मुखवटा निघाला. वजन सव्वा किलोच्या वर. गावाचे नशीब पालटले, पर्यटक वाढले, घरोघरी खाणावळी निघाल्या. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना ठार मारून मुखवटा नेला. चोर सापडले, खटला चालला आणि २०१७ साली अलिबागच्या विशेष न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप दिली. सोनेही बरेचसे मिळाले. मुखवटा मात्र मिळाला नाही, कारण तो वितळवला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये बसवला तो नवा.

पुराणवस्तूंच्या चोरीचे दोन प्रकार आहेत, मुळापासून वेगळे. एक चोर वजनाचा, दुसरा रूपाचा. वजनाचा चोर वस्तू एका रात्रीत संपवतो. रूपाच्या चोराला ती जपावीच लागते, कारण तिच्या रूपालाच किंमत असते.

पण ते रूपच त्याच्या गळ्यात अडकते. सप्टेंबर २०१८ मध्ये हैदराबादच्या निजाम संग्रहालयात दोघे झरोक्यातून दोरावरून उतरले आणि रत्नजडित सोन्याचा डबा, कपबशी आणि चमचा घेऊन गेले. गिऱ्हाईक शोधायला ते मुंबईला पोचले. डबा इतका प्रसिद्ध की कोणी घेईना. पुढच्या काही दिवसांतच पकडले गेले. मधल्या काळात एक जण त्याच डब्यात जेवत होता, असे पोलिसांनी सांगितले! जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ येथून ऑगस्ट २०२२ मध्ये राम, लक्ष्मण, सीतेच्या पंचधातूच्या मूर्ती गेल्या. समर्थ रामदासांच्या जन्मगावातले हे देव. राज्यभर आरडाओरड झाली आणि दोनेक महिन्यांत मूर्ती परत आल्या.

वस्तू परदेशी गेली तर वर्षे लागतात. मध्य प्रदेशातल्या एका देवळातली वालुकाश्माची अप्सरा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चोरांनी दोन तुकडे करून नेली. ते तुकडे १९९२ मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला गेले, तिथे जोडले गेले आणि मूर्ती थेट मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभी राहिली. २०२३ मध्ये ती जप्त झाली आणि पुढल्या वर्षी भारताला परत मिळाली. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये पन्नास लाख डॉलरना विकत घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्याच मूर्तीची देवळातली जुनी छायाचित्रे निघाली आणि २०१४ मध्ये तो परतला. शस्त्र काय, तर एक कृष्णधवल फोटो.

आता इंदूरच्या घरांकडे वळू. होळकरांच्या चाकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांच्या देवघरात टाक आहेत, पितळी बाळकृष्ण आहेत, फडताळात नाणी आहेत. अहिल्याबाईंच्या काळातला महेश्वरी रुपया, त्यावर शिवलिंग आणि बेलाचे पान. मल्हारनगर म्हणजे इंदूरच्या टांकसाळीचा सूर्यमुखी रुपया. १९३५ चा, यशवंतरावांचा चेहरा असलेला तांब्याचा अर्धा आणा. तागडीत महेश्वरी रुपया म्हणजे अकरा ग्रॅमच्या आसपास चांदी. नाणी जमवणाऱ्याच्या लेखी तो इतिहास. घरफोडी करणाऱ्याला हा फरक ठाऊक नसतो, आणि ठाऊक असेल तर जास्तच वाईट.

नाण्याची खरी अडचण अशी की त्याच्यासारखी हजारो असतात. चोरीला गेलेला रुपया बाजारात समोर आला तरी तो आपलाच, हे सिद्ध कसे करणार? खुणा असतात. खरेपणा तपासताना जुन्या सराफांनी मारलेले ठसे, कडेचा खरवडा, काळवंडलेला डाग. हे प्रत्येक नाण्यावर निराळे. पण त्यांचा फोटो घरात असतो कुणाच्या?

कायदा आहे. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू झाला; किमान शंभर वर्षे जुनी वस्तू त्यात येते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षे पुरतात. व्यापाऱ्याला परवाना लागतो. खासगी मालकाला नोंदणीची सक्ती मुख्यतः मूर्ती, चित्रे आणि सचित्र पोथ्यांपुरती आहे. नाणी तिच्या बाहेर राहतात. नोंदवले की सरकार उचलून नेईल, ही भीती घरोघर ऐकू येते. नोंदणीने मालकी जात नाही. पण कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात सक्तीच्या संपादनाची तरतूद आहे, भरपाई देऊन का होईना. त्यामुळे लोकांना नुसते भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. नव्या भारतीय न्याय संहितेचे ३०५ वे कलम देवळातली मूर्ती चोरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. घरातून चोरी केली तरी तीच. म्हणजे पणजोबांचा टाक आणि नातवाचा मोबाइल कायद्याच्या काट्यावर सारखेच.

सरकारची वाट न पाहता करता येईल असे एक काम आहे. १९९७ पासून जगभर वापरात असलेली ‘ऑब्जेक्ट आयडी’ ही साधी पद्धत सांगते: समोरून, मागून, बाजूने फोटो, मापे, धातू वा लाकूड, लेख किंवा ठसा, आणि मुख्य म्हणजे एखादी चीर, एखादा पोचा. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत नाव चढवायलाही हाच तपशील लागतो.

लक्ष्मीपूजनासाठी देव आणि नाणी उजळायला काढाल, तेव्हा चिंचेचा कोळ लावण्याआधी मोबाइलने हे फोटो काढा (जुन्या नाण्यांना तर कोळ लावूच नका, त्यांचा चेहराच जातो), मापांसह वहीत लिहा आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा.